तळ्यातले मासे आणि नदीतले मासे

परवा पीपलरावांस जाणे झाले. तेथल्या एका स्नेह्याने मोठ्या कौतुकाने आपले शेततळे दाखविले. ज्या देवासने 1990 साली आगगाडीतून आलेले पिण्याचे पाणी पाहिले, त्याच जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी हजारो तळी खणली, आणि त्यांतल्या कित्येकांत आता मासे पोसले जातात. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. तरी चार पैसे कोणाच्या गाठीस लागत असतील तर त्याला नाक मुरडणारे आम्ही कोण?

रोहू, कटला, मृगळ ही नावे ऐकली तोवर ठीक होते. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, आणि आपली काली सिंधही चंबळ-यमुनेवाटे गंगेलाच मिळते. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओरिसात संप्रेरक टोचून या जातीच्या माशांची पैदास साधली. तेव्हापासून बीजाची ददात उरली नाही. पण शेजारच्या तळ्यात कोणी मांगूर सोडल्याचे स्नेह्याने हळूच सांगितले, आणि हातातला चहा कडू झाला.

हा मांगूर मूळचा आफ्रिकेतला. 2000 सालीच केंद्र सरकारने त्याला बंदी केली. तो वाटेल ते खातो, घाण पाण्यात तगतो, ओल्या जमिनीवरून सरपटतही जातो. आपला देशी मागूर बिचारा सावकाश वाढणारा, आणि धंद्यात धीर कोणाला? पावसाळ्यात तळे भरून वाहिले की हा पाहुणा ओढ्यात, ओढ्यातून काली सिंधेत. मग त्याला परत कोण बोलावणार?

बरे, अपाय परदेशी मासाच करतो असे नाही. लोणावळ्यास वाढविलेला महसीर सदिच्छेनेच कावेरीत सोडला गेला. तेथे तो फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर 2018 साली अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाचे हे एक मोठे कारण मानतात. महसीर हा आपल्या मध्यप्रदेशचा राज्यमासा. नेमावरच्या घाटावर कोणी उत्साहाने त्याचे बीज सोडू लागला, तर ते नर्मदेचेच आहे ना, एवढे आधी विचारावे.

तळी बुजवा असे माझे म्हणणे नाही. सांडव्याला बारीक जाळी असावी, बीज कोठून आले त्याची पावती असावी, आणि मांगूर आढळला तर पावसाआधी तळे रिकामे व्हावे.

मी स्नेह्यास तसे म्हटले. तो म्हणाला, "दादासाहेब, बांधाला बांध लागलेला, शेजाऱ्याशी वैर कसे घेऊ?" म्हणून हे येथे लिहिले.