म्हातारी गाणी, कोवळी पोरे

जुन्या गाण्यांची ओढ हे वय झाल्याचे लक्षण, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. कुणी साठ-सत्तरच्या दशकांतले एखादे इंग्रजी पॉप किंवा रॉक गाणे लावले, की घरातली तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात. मला त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की बाबांनो, ही गाणी आमच्यामुळे जुनी झालेली नाहीत. त्यांतली कित्येक जन्मतःच म्हातारी होती. आणि ती जन्माला घालणाऱ्यांनी स्वतः तिशीदेखील गाठली नव्हती!

‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’चेच पाहा. म्हातारपणीही माझी काळजी घेशील ना, असा प्रश्न यातला प्रियकर विचारतो. ही चाल पॉल मॅकार्टनीने बांधली ती मिसरूड फुटण्याच्या वयात. १९६६ साली त्याचे वडील चौसष्ट वर्षांचे झाले आणि त्याच डिसेंबरात बीटल्सनी ते ध्वनिमुद्रित केले. पॉलला स्वतःला चौसष्टावे गाठायला २००६ साल उजाडले. ‘यस्टरडे वन्स मोअर’ तर रेडिओवरच्या जुन्या गाण्यांच्या आठवणींनी ओथंबलेले. १९७३ साली ते आले तेव्हा गाणारी कॅरन कार्पेंटर तेवीस वर्षांची होती. १९८३ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ती गेली. म्हातारपण तिच्या वाट्याला आलेच नाही.

पण या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो कॅट स्टीव्हन्सच्या ‘फादर अँड सन’वर. १९७० चे हे गाणे. बाप आणि मुलगा दोघेही त्याच्याच गळ्यातून बोलतात. बाप खालच्या पट्टीत, मुलगा वरच्या. मूळ कल्पना निराळीच होती. रशियन क्रांतीवर एक संगीत नाटक करायचे त्याच्या मनात होते. मुलाला क्रांतीत उडी घ्यायची आहे, आणि शेतकरी बापाला वाटते, याने घरी राहावे. १९६९ साली कॅटला क्षयाने गाठले, कित्येक महिने अंथरुणात गेले आणि नाटक बारगळले. क्रांती गळून पडली. बापलेक तेवढे उरले.

विशीतल्या पोराने लिहिलेले हे गाणे, पण त्याने बापाला खलपुरुष केलेले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. बाप ओरडत नाही. जरा थांब, विचार कर, एवढेच तो सांगतो. मुलाची तक्रार अशी, की माझे कुणी ऐकतच नाही. शेवटाकडे दोघांचे शब्द एकमेकांवर चढतात आणि समेटाविनाच गाणे संपते.

महाविद्यालयात दरवर्षी जून-जुलैत ही जोडी माझ्या टेबलासमोर येऊन बसते. मुलीला मराठी घेऊन बी. ए. करायचे असते. वडील अवघडून विचारतात, “सर, ते ठीक आहे, पण पुढे काय?” मुलगी खिडकीबाहेर पाहत राहते. पंधराव्या वर्षी मी या गाण्यात मुलाच्या बाजूचा होतो, कट्टर! आता त्या वडिलांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. हप्ते, घरभाडे, औषधपाणी हे सारे त्या दोन शब्दांत असते. तरीही त्या मुलीला ‘दुसरे काहीतरी घे’ असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. दोघांना शेजारी बसवून हे गाणे ऐकवावे, असे फार मनात येते. बापाचा भाग मुलीने नीट ऐकावा आणि मुलाचा वडिलांनी. प्रवेशाच्या धांदलीत ते जमायचे कसे!

कॅट स्टीव्हन्सनेही पुढे वाट बदललीच. १९७७ साली त्याने इस्लाम स्वीकारला, युसुफ इस्लाम झाला आणि ऐन भरातला गाण्याचा धंदा सोडून चालता झाला. पॉप संगीताची नवी तबकडी घेऊन तो परतला तो थेट २००६ साली. मग २०२० मध्ये त्याने हे गाणे पुन्हा काढले. या खेपेस बापाच्या ओळी त्याने आपल्या सत्तरी ओलांडलेल्या आवाजात म्हटल्या. मुलाच्या ओळी मात्र १९७० साली लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडूर क्लबात गायलेल्या गाण्यातून उचलल्या. म्हणजे आवाज त्याचाच, पण बावीस वर्षांचा.

म्हातारा पुन्हा तेच सांगतो, जरा थांब. पोरगा काही थांबत नाही. पन्नास वर्षांपूर्वी निघाला होता, तसाच निघतो.