कळा येण्यापूर्वीची काळजी

“पोर धडधाकट आहे, मग दवाखान्याच्या खेपा कशासाठी?” गर्भवती सुनेविषयी वडीलधारी माणसे असे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात कठोरपणा नसतो. तथापि या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातही डॉक्टर किंवा सुईण बहुधा कळा सुरू झाल्यावरच मातेजवळ येत असे. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरी डॉक्टर जॉन विल्यम बॅलंटाइन हे उदरातील बालकांच्या रोगांचा अभ्यास करीत होते. अजात बालकास वाचवावयाचे तर त्याच्या मातेस आधीपासून जपले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. गर्भवतींसाठी रुग्णालय असावे, अशी विनवणी करणारा लेख त्यांनी १९०१ साली लिहिला. त्याच वर्षी तेथील सूतिकागृहात अशा मातांसाठी खाट राखून ठेवण्यात आली. एकच खाट! गर्भवतींनी बाहेरून येऊन तपासून घेण्याची सोय तेथे १९१५ साली झाली. अमेरिकेतील बोस्टन शहरी मात्र १९०१ सालीच परिचारिका काही गर्भवतींच्या घरी जाऊ लागल्या होत्या.

या तपासणीत होते तरी काय? रक्तदाब मोजतात, लघवी तपासतात, पायांची सूज पाहतात. गरोदरपणातील झटके माता व बालक दोघांचाही जीव घेऊ शकतात. रक्तदाब वाढू लागतो तेव्हा पुष्कळदा त्या स्त्रीस काहीच जाणवत नाही. धडधाकट दिसणे ही खात्री नव्हे, ती यासाठीच. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ साली तपासणीचा क्रम आखून दिला: सोळाव्या, चोविसाव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात, मग छत्तिसाव्यापर्यंत पंधरवड्यास आणि त्यानंतर दर आठवड्यास.

केवळ तपासणीने सारे साधले, असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील मातांचे मृत्यू १९३५ नंतर, सूतिकाज्वरावर सल्फा औषधे मिळाल्यावरच, झपाट्याने घटू लागले. आधीची तपासणी आणि स्वच्छ, सुरक्षित प्रसूती या दोहोंची सांगड हवी.

संत लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरी जाते. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना होता. मरियेने बोलावण्याची वाट पाहिली नाही. ती त्वरेने डोंगराळ प्रदेशात गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. अजून काही बिघडलेले नसताना सोबतीस जावयाचे, हा धडा आम्ही तिजपासून घ्यावयाचा आहे.

आपल्या देशात २०१६ सालापासून सरकारी आरोग्यकेंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. पहिली तपासणी मात्र पहिल्या तीन महिन्यांतच व्हावयास हवी. डोहाळे हौसेने पुरविणाऱ्या सासूबाईंनी सुनेस स्वतः दवाखान्यात न्यावे. पतीने एक दिवसाची रजा काढावी. शेजारी एखादी एकटी गर्भवती भगिनी असेल, तर धर्मग्रामातील महिलांनी तिच्यासोबत जावे. आमचे एवढेच सांगणे आहे.