दुधाळ पाण्यावरचा आळ

फिल्टरचं पाणी पेल्यात पांढुरकं उतरलं, की आमच्या नगरमध्ये निकाल लागायला अर्धं मिनिटही लागत नाही. 'महापालिकेनं पावडर जास्त मारली,' हा पहिला. 'फिल्टर गेला कामातून,' हा दुसरा. आणि शेजारच्या काकांचा ठरलेला तिसरा, 'अहो, ते कँडल-बिंडल सोडा, आरओ बसवून टाका.' पेला तोवर मोरीत रिकामा झालेला असतो. दुष्काळी जिल्ह्यात पिण्याचं पाणी ओतून द्यायला आपण इतके तत्पर कसे, हा प्रश्न वेगळा. माझा वाद या तिन्ही निकालांच्या मुळाशी बसलेल्या समजुतीशी आहे: नितळ ते शुद्ध आणि धूसर ते घाण. यातला दुसरा अर्धा भाग चुकला तर पेलाभर पाणी वाया जातं. पहिला चुकला तर माणूस आजारी पडतो.

पावडरीचं आधी उरकू. गावोगावच्या टाक्यांत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात ती हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम. एवढ्यानं हजार लिटर पाणी दुधाळ होत नसतं. या प्रमाणात क्लोरीनला रंग नसतो. तो कळतो नाकाला. पावडरीतला चुना मात्र विरघळत नाही, म्हणून जाणता जलसुरक्षक ती बादलीत कालवतो, गाळ बसू देतो आणि वरचं पाणीच टाकीत सोडतो. एखाद्यानं आळस करून पावडर थेट टाकीत भिरकावली, तर चुना नळाला येऊही शकतो. पण तो पेल्याच्या तळाशी बसून राहतो, हवेत विरून जात नाही. शिवाय घरच्या फिल्टरमधला कार्बन क्लोरीन खाऊनच टाकतो. तेव्हा गाळलेल्या पाण्याचा पांढरेपणा पावडरीच्या नावावर मांडणं म्हणजे जो घरात शिरलाच नाही त्याच्यावर चोरीचा आळ.

मग पेल्यात येतं आणि दोन मिनिटांत नाहीसं होतं ते काय? हवा.

मुळा धरणातून उपसलेलं पाणी विळदमार्गे वसंत टेकडीच्या टाक्यांत चढतं आणि तिथून शहरात उतरतं. बऱ्याच वस्त्यांना ते दिवसाआड मिळतं. मधल्या वेळात नळ रिकामे होतात, त्यांत हवा भरते. पाणी सुटलं की नळ आधी फुसफुसतो, मग गुरगुरतो, मग पांढरी धार सोडतो. दाबाखाली पाणी जास्त हवा पोटात घेतं. तोटीबाहेर येताच दाब सुटतो आणि ती हवा बाहेर पडू लागते. सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तेच हे. फरक इतकाच, की इथले बुडबुडे एकेकटे दिसणार नाहीत इतके बारीक असतात; सगळे मिळून उजेड विखरतात आणि पाणी दुधासारखं भासतं.

'पण मी तर गाळलेलं पाणी पेल्यात घेतोय, त्यात हवा कुठून?' असा आक्षेप हमखास येतो. उत्तर फिल्टरमध्येच आहे. नवी कँडल किंवा नवा कार्बन बसवला, की त्याच्या लाखो छिद्रांत कोरडी हवा अडकलेली असते. पहिली काही भांडी पाणी त्या हवेला ढकलत बाहेर येतं, म्हणून पांढरं दिसतं. त्यात राखाडी झाक असेल तर ती कोळशाची भुकटी. तेवढं सुरुवातीचं पाणी झाडांना घालावं आणि विसरावं. म्हणजे गंमत अशी, की फिल्टर 'गेला' अशी तक्रार बहुधा तो नवा असतानाच होते. थंडीतही हेच. दहा अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना जेमतेम 7.5. डिसेंबरच्या पहाटे गार नळातून आलेलं पाणी स्वयंपाकघराच्या उबेत आलं, की जास्तीची हवा बाहेर निघणारच.

पाइपातल्या हवेचं हे दुखणं आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, त्या वाटेवर बांधलेले उच्छ्वास अडकलेली हवा सोडण्यासाठीच होते. अठराव्या शतकातल्या गवंड्याला जे कळत होतं, ते एकविसाव्या शतकातला ग्राहक 'भेसळ' म्हणून नोंदवतो.

या पांढरेपणाचा एक प्रकार मात्र आपल्या जिल्ह्यात गंभीरपणे वाचायला हवा. पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत बोअरचं पाणी एकाएकी दुधाळ येऊ लागतं. मोटरचा आवाज सारखा बदलतो, धार तुटक होते, टाकी भरायला दुप्पट वेळ लागतो. बोअरची पातळी पंपापर्यंत उतरलेली असते आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढत असतो. घरात मात्र फिल्टरवाल्याला फोन जातो. तो येतो, कार्ट्रिज बदलतो, पैसे घेतो, पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं. इथे पाणी घाण झालेलं नाही, ते संपत आलेलं आहे. ही बातमी ज्याला वेळेत वाचता आली तो मोटर थांबवून थांबवून चालवतो आणि जळण्यापासून वाचवतो. बेसाल्टच्या या खडकात पाणी मावतं ते भेगांत आणि मुरमाच्या थरांत, तेही थोडंच. ते आटताना असा इशारा देऊन आटतं.

आता विरोधी पक्षाचा सर्वात बळकट मुद्दा. 'सगळा धूसरपणा निरुपद्रवी म्हणून पिऊन टाकायचा का?' अजिबात नाही. जुलै उजाडतो, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पाऊस लागतो, कोतूळला मुळेचा विसर्ग वाढल्याच्या बातम्या येतात आणि धरणात लाल-काळसर नवं पाणी शिरतं. त्या दिवसांत फिल्टरमधूनही जे धूसर पाणी उतरतं ती हवा नसते, माती असते. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान. घरोघरच्या दोऱ्याच्या पांढऱ्या कार्ट्रिजची छिद्रं बहुधा पाच मायक्रॉनची. चाळणीच मोठी, तर पीठ निसटणारच. यात फिल्टरची लबाडी नाही. नुसतं ठेवून निवळेल म्हणावं, तर एक मायक्रॉनचा कण पेल्याच्या तळाला पोचायला दिवसाहून अधिक घेतो, आणि त्याहून बारीक कण तर बसतच नाहीत, कारण सगळ्यांवर सारखाच ऋण विद्युतभार असल्यानं ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटी तो भार मोडते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, बसतात. आपल्या आज्या रांजणाच्या आतून निवळीची बी घासायच्या, तीही हेच काम करायची.

ही माती स्वतः पोटाला फारसं करत नाही. पण तिच्या आडोशाला जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच खर्च होतो. भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, गढूळपणाची इष्ट मर्यादा 1 एनटीयू आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 5. साध्या डोळ्याला गढूळपणा जाणवू लागतो तो चारच्या आसपास. म्हणजे डोळ्याला दिसलं, तोवर इष्ट मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. डोळ्यावर विसंबणाऱ्यांनी हा आकडा देव्हाऱ्यात लावून ठेवावा.

हवा आणि माती ओळखायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. काचेचा पेला घ्या, स्टीलचा नको. खिडकीच्या उजेडात ओट्यावर ठेवा आणि हलवू नका. पांढरेपणा तळाकडून वर सरकत गेला, तळ आधी नितळ झाला आणि शेवटी वरचा थर निवळला, तर ती हवा; बुडबुडे वर चढतात म्हणून खालचं पाणी आधी मोकळं होतं. वरचा थर आधी निवळला आणि धूसरपणा खाली उतरत गेला, तर माती किंवा चुना. बराच वेळ कुठूनच निवळलं नाही, वर भांड्याच्या कडेला हात बुळबुळीत लागला किंवा वास आला, तर ते पाणी पिऊ नका. लग्नासाठी चार दिवस गावी गेलो आणि फिल्टरमध्ये पाणी तसंच राहिलं, की हे होतं: कार्बननं क्लोरीन काढून घेतलेलं, झाकणाखाली ऊब, जंतूंना आणखी काय हवं? ते पाणी ओतून, टाकी घासून, कँडल उकळून मगच पुढे. आणि पेल्यात नितळ असलेलं पाणी उकळल्यावर पांढरे कण दाखवत असेल, तर ते कॅल्शियमचे क्षार. उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेलं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बाहेर पडतं. चहाच्या भांड्याला बसतो तो थर तोच. त्यावरून 'मुतखडा होणार' अशी जी भीती घालतात तिला तेवढा आधार नाही; जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादाच ठरवलेली नाही. मुतखड्याला उन्हातान्हात कमी पाणी पिणं जास्त कारणीभूत असतं.

आता तो दारात येणारा टायधारी तरुण. त्याच्या बॅगेत एक डबी असते, तिला धातूच्या दोन-दोन कांड्या. एका पेल्यात तुमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याचं आरओचं. बटण दाबलं, की मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, वर फेस, खाली चोथा. आरओचं जसंच्या तसं. वहिनींचा चेहरा पडतो. 'हे तुम्ही मुलांना पाजताय,' असं तो हळूच म्हणतो. या नाटकातली खोच अशी, की तो चोथा पाण्यातला नसून कांडीतला असतो. लोखंडी कांडीतून वीज गेली, की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजाचा साका तयार होतो. त्यासाठी पाण्यातून वीज वाहायला हवी आणि त्यासाठी क्षार हवेत. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून तिथे काही घडत नाही. पुढच्या वेळी तो आला, की त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणावं, आता दाब बटण. ते 'शुद्ध' पाणीही तसंच तपकिरी होईल. मग त्याला चहा विचारा. त्याचीही नोकरी आहे.

आरओला माझा सरसकट विरोध नाही. ज्या विहिरीचं पाणी खरोखर खारं आहे, तिथे तोच उपाय. पण घरगुती आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर पाणी नाल्यात सोडतो. राष्ट्रीय हरित लवादानं मे 2019 मध्ये, जिथे विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालावी असं सांगितलं, ते उगीच नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत, पेल्यातले बुडबुडे घालवण्यासाठी तीन लिटर ओतणं याला शुद्धतेची हौस म्हणत नाहीत.

आणि जे खरंच घालवायला हवं ते तर दिसतच नाही. प्रवरेच्या कालव्याखाली पिढ्यानपिढ्या ऊस आहे. खतं पडतात, पाणी पडतं, आणि त्यातलं नायट्रेट भूजलात उतरतं. संगमनेर भागातल्या भूजलाचे तसे अभ्यास झाले आहेत. मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. ते पाणी स्फटिकासारखं नितळ असतं, चवीला गोडसुद्धा लागतं. उकळलं तर नायट्रेट उलट दाट होतं, कँडलमधून ते आरामात पार होतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करतं. या पाण्याविरुद्ध कोणी कधी महापालिकेत भांडायला गेल्याचं ऐकिवात नाही, कारण ते पांढरं दिसत नाही. लग्नाच्या मांडवात ओळीनं मांडलेल्या थंड जारचंही तसंच. गार आहे, चकाकतं आहे, एवढ्यावर आपण पितो. बहुतेकांवर ना सील असतं ना आयएसआयचा शिक्का.

तेव्हा भांडायचंच तर योग्य जागी भांडावं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. त्यात विहिरीजवळचं शेण, गळकी पाइपलाइन, पावडरीचा साठा हे सारं पाहतात. पाणी चकाकतं का, यावर कार्ड मिळत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच-पाच महिलांना तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण देण्याची सोय केली आहे. ती पेटी आपल्या गावात उघडली जाते की कपाटात सीलबंद पडून आहे, हे ग्रामसभेत विचारा. नायट्रेटचा आकडा मागा, जंतूंच्या तपासणीचा निकाल मागा. जंतूंच्या तपासणीसाठी नमुना देताना घरातली धुतलेली बाटली चालत नाही. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली घ्यावी लागते, नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यावा लागतो आणि ती बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी लागते.