नटाचे चित्र काढायचे कसे?

नाटककार गेला तरी त्याचे नाटक कपाटात राहते. बिचाऱ्या नटाला ही सोय नाही. पडदा पडला की त्याची कला प्रेक्षकांच्या आठवणीत बिऱ्हाड करते आणि प्रेक्षक गेले की तेही बिऱ्हाड मोडते. अण्णासाहेब किर्लोस्कर नट आणि नाटककार दोन्ही होते. त्यांचे १८८० चे ‘शाकुंतल’ आजही वाचता येते. पण अण्णासाहेब रंगभूमीवर कसे उभे राहत, कसे बोलत, हे आता कोणी सांगावे?

याच ‘शाकुंतला’त १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस शकुंतला होऊन उभा राहिला. तो आपला बालगंधर्व! त्याचे लहानपण जळगावात गेले. गाण्याचे पहिले धडेही त्याने तिथेच मेहबूबखानांकडे घेतले. जळगावकरांनी आपल्या खुल्या नाट्यगृहाला त्याचे नाव दिले आहे, ते उगीच नव्हे.

आता समजा, या माणसावर कोणी अनुबोधपट काढायला निघाला. त्याला मिळेल काय? छायाचित्रे मिळतील, पण ती हलत नाहीत. तबकड्या मिळतील, पण त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. नाट्यगृहात तेच पद ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ घेत रात्र जागवी. १९३५ चा ‘धर्मात्मा’ मिळेल, पण त्यात ते संत एकनाथ आहेत. भामिनी नव्हे की सिंधू नव्हे. पुढे ‘साध्वी मीराबाई’त ते मीरा झाले खरे, पण तेव्हा वय पन्नाशीला टेकले होते. शिवाय रंगभूमीवरचे अंतर कॅमेऱ्याला कुठले ठाऊक? जी स्त्री दहाव्या रांगेतून खरी वाटे, ती हातभर अंतरावरून तशी वाटत नाही.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जुने कागद जिवापाड जपले. कागद जपता येतो, वाचक हो; मान वळवण्याची ढब दप्तरात बांधून ठेवता येत नाही.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. तुमच्या गावातही स्वतः नाटक लिहून स्वतःच त्यात उभा राहणारा एखादा म्हातारा नट असेल. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला कॅमेरा आहे. फराळाचे ताट घेऊन त्याच्याकडे जा, एखादा प्रवेश म्हणायला सांगा आणि तो टिपून घ्या. सत्कार मागाहून झाला तरी चालेल. प्रवेश मागाहून मिळत नाही.