अंगठ्याला कळणाऱ्या खुणा

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोनच तक्रारी ऐकू येतात. मुलांचे डोळे बिघडतात आणि अभ्यास बुडतो. दोन्ही खऱ्या असतील. पण नातवंडांच्या हातातला तो कंट्रोलर आपण वडीलधाऱ्यांनी एकदा निरखून पाहावा.

पूर्वी खेळायला मुठीत धरायचा दांडा असे. १९८२ साली निन्तेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी हातात मावणाऱ्या खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखे चपटे बटण योजले आणि मुठीचे काम अंगठ्याकडे आले. १९९४ साली आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशनसाठी तेईयू गोतो यांनी बटणांवर अक्षरांऐवजी त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन काढले. जपानात वर्तुळ म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक; तेव्हा तिथे वर्तुळ दाबून होकार देत. अमेरिकेत मात्र फुलीच होकाराची ठरली. पुढे २०२० साली प्लेस्टेशन ५ आले आणि जपानी मुलांनाही फुलीनेच ‘हो’ म्हणायची सवय करावी लागली!

आम्हा नाशिककरांना या आकृत्या परक्या वाटू नयेत. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९९६ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेत अंधांसाठी उठावाच्या खुणा आल्या. पन्नासच्या नोटेवर चौकोन, शंभरच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. फरक एवढाच की कंट्रोलरचे बटण अंगठा जागेवरून ओळखतो. नोटेला अशी ठरलेली जागा नाही. तिथे खूण बोटाला लागलीच पाहिजे.

बँकेच्या काउंटरवर मी अंध खातेदार पाहिले आहेत. कोरी नोट ते क्षणात ओळखत. हजार हातांतून फिरून मऊ झालेली नोट आली की बोटे अडखळत, आणि मग आमच्या शब्दावर भरवसा ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे.

२०१६ नंतरच्या नव्या मालिकेत या खुणा शंभर आणि त्यावरील नोटांवरच आहेत. शंभर व दोनशेच्या नोटांच्या लांबीत फरक अवघा चार मिलिमीटरचा. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखणारे ‘मनी’ ॲप काढले, हे चांगलेच झाले. पण भाजीवाल्यापुढे एका हातात पिशवी, दुसऱ्यात सुटे पैसे असताना फोन धरायचा कोणत्या हाताने? आणि तिथे चालतात त्या दहा, वीस, पन्नासच्याच नोटा.

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंगांसाठी वेगळा कंट्रोलर आणला. त्याला दोन मोठी बटणे आहेत, आणि कोपराने वा पायाने दाबायच्या कळाही जोडता येतात. सोनीनेही २०२३ मध्ये तसाच प्रयत्न केला. ज्याचा अंगठा चालत नाही त्यालाही खेळता यावे, एवढा विचार खेळण्यासाठी होतो. मग रोजच्या व्यवहारातल्या वीस रुपयांसाठी तो का होऊ नये? लहान नोटांवरही बोटाला जाणवेल अशी ठळक खूण हवी, ही मागणी डोळसांनीही करायला हवी.

आज रविवार आहे. घरातल्या खेळाडूला डोळे मिटून बटणे ओळखायला सांगा. तो चुकणार नाही. मग त्याच्या हातात दहाची आणि वीसची जुनी नोट ठेवा.