रक्ताच्या रिपोर्टवर विसंबून गाठ अंगावर काढू नका

आमेर आणि जयपूर परिसरातील मराठी भगिनींनो, आणि त्यांच्या घरच्यांनो,

सणासुदीला ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती येतात. त्यात ‘कॅन्सर मार्कर’ही असतो. स्तनाच्या कर्करोगाचा मार्कर म्हणून तपासला जाणारा सीए १५-३ नॉर्मल आला की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, ही कळकळीची विनंती. हा मार्कर मुख्यतः पसरलेल्या आजारावर उपचार चालू असताना लक्ष ठेवायला वापरतात. गाठ लहान असताना तो बहुधा वाढलेलाच नसतो. उलट यकृताच्या दुखण्यात कर्करोग नसतानाही वाढू शकतो.

नव्या चाचण्या याहून पुढच्या आहेत. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने रक्तात फिरणाऱ्या स्तनाच्या कर्करोगपेशी शोधणारी चाचणी काढली. २०२२ मध्ये अपोलो रुग्णालयांमार्फत ती ६,००० रुपयांत उपलब्ध झाली. नाशिकचे काम म्हणून अभिमान वाटतोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला, हेही खरे. पण तो दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे.

भक्कम पुरावा आहे तो साध्या हाताने केलेल्या तपासणीचा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: त्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. हेही सांगितलेच पाहिजे.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जाऊन स्तनांची तपासणी करून घ्यावी. ती मोफत असते. आशा सहयोगिनींना विचारा, लाजू नका. चाळिशीनंतर मॅमोग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला. आई, मावशी किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर बीआरसीए जनुकांची तपासणी करावी का, हेही विचारा. ही रक्ततपासणी खरोखर कामाची. फक्त ती आजार शोधत नाही, घराण्यातून आलेला धोका सांगते.

आणि गाठ लागली, कातडीला खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर रक्ताच्या चाचणीत वेळ घालवू नका. कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. सवाई मानसिंह रुग्णालय आहे, भगवान महावीर कर्करोग रुग्णालय आहे. सासर-माहेर दूर, सोबतीला कोणी नाही, म्हणून ‘दिवाळीत गावी गेल्यावर दाखवू’ असे म्हणू नका. शेजारणीला सोबत घ्या आणि याच आठवड्यात जा.