पाण्याचा विषय नेमका कुठल्या बैठकीत घ्यायचा?

परवा आमच्या शहरात एका पक्षाच्या शहर कार्यकारिणीने आपल्या निवडून आलेल्या नगरसेवकांची 'समन्वय बैठक' घेतली. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव दिसलं की निम्मी मंडळी मजकूर न वाचताच कमेंटमध्ये एकमेकांची उणीदुणी काढायला लागतात. आणि खरं सांगू का, वीस वर्षं या बैठका कव्हर करतोय, झेंडा बदलला तरी आतलं चित्र फारसं बदलत नाही.

पहिली पंधरा मिनिटं पत्रकारांसाठी. हार, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. मग 'पत्रकार बंधूंनी चहा घ्यावा' असं माईकवरून सांगतात, म्हणजे आता बाहेर व्हा. पुढचे दोन तास आत काय झालं ते आत बसलेल्या तिघांनी वेगवेगळं सांगितलं, पण तिघांचं जुळलं.

विषय तीनच. स्वीकृत नगरसेवक कुणाला करायचं. विषय समित्यांची सभापतीपदं कुणाच्या पदरात टाकायची. आणि 'आमच्या प्रभागात काम निघालं, आम्हाला विचारलंसुद्धा नाही' ही पदाधिकाऱ्यांची तक्रार. त्यात एक नगरसेविका उठल्या आणि म्हणाल्या, माझ्या भागात पाचव्या दिवशी पाणी येतंय, त्याचं काय करायचं? उत्तर आलं, "ताई, तो विषय आपण सभागृहात घेऊ."

आता सभागृहातलं ऐका. मागच्या सर्वसाधारण सभेत याच ताईंनी पाण्याचा विषय काढला होता. तेव्हा त्यांच्याच गटनेत्यांनी हळूच सांगितलं, "ताई, यावर पक्षाच्या बैठकीत बोलू." म्हणजे पक्षाच्या बैठकीत सभागृहाचं नाव सांगायचं आणि सभागृहात पक्षाच्या बैठकीचं. मधल्या मधे पाणी आटलं.

काही जण म्हणतील, पक्षाची बैठक ही त्यांची घरची बाब, तुम्हाला काय करायचंय? हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण कायद्यातच आहे. महाराष्ट्रात १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. पक्षाने व्हीप काढला आणि नगरसेवकाने त्याविरुद्ध मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं. नगरपालिकेच्या बाबतीत त्याचा निकाल जिल्हाधिकारी देतात. म्हणजे पक्षाने बहुमताच्या जोरावर बंद दाराआड जे ठरवलं, तेच उद्या सभागृहात 'मंजूर, मंजूर' होतं. मग ती बैठक घरची कशी? तिथे आपल्या घरपट्टीचा निकाल लागतो राव.

पण याचा अर्थ अशा बैठका बंद करा असा नाही. उलट माझं म्हणणं आहे, त्या व्हायलाच पाहिजेत आणि नीट व्हायला पाहिजेत.

कारण बघा. खेड्यात ग्रामसभा आहे. सरपंचाला वर्षातून चार वेळा तरी गावासमोर बसावं लागतं. ग्रामसभा कशा होतात ते आपल्याला माहीत आहे, तरी कागदावर का होईना, माणसाला उठून विचारायची जागा आहे. शहरात काय आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक. आमच्यासारख्या 'ब' वर्गाच्या नगरपालिकेला त्यात जागाच नाही. पुढे २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. तुमच्या गल्लीत कधी क्षेत्रसभा भरलेली पाहिली का? आमच्याकडे तर शब्द उच्चारला तरी लोक विचारतात, हे काय नवीन.

म्हणजे एकदा बोटाला शाई लागली की पुढची पाच वर्षं नगरसेवकाला कुणासमोर बसून उत्तर द्यावं लागेल अशी जागा एकच उरते, ती म्हणजे त्याच्या पक्षाची बैठक. उन्हातान्हात स्लिपा वाटणारा बूथचा कार्यकर्ता तिथे असतो. त्याला लोक रोज चहाच्या टपरीवर पकडतात, 'तुझ्या माणसाला सांग जरा' म्हणतात. त्याने त्या बैठकीत विचारायचं नाही तर कुठे विचारायचं? आणि पक्षाने हिशेब घेतला नाही तर नगरसेवक मोकळा राहत नाही, तो ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बसतो. हेही आपण पाहिलेलं आहे.

या वेळी तर हे जास्तच लागू आहे. ओबीसी आरक्षणाच्या वादात राज्यातल्या किती तरी नगरपालिका चार-चार वर्षं प्रशासकाच्या ताब्यात होत्या. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली आणि डिसेंबरमध्ये मतदान झालं. त्या काळात गटार तुंबलं तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता. मुख्याधिकारी भेटले तर भेटले. लोकांनी नगरसेवकांची वाट पाहिली. नगराध्यक्षही थेट लोकांनी निवडला. एवढं करून हाती काय, तर स्वीकृत कोण आणि सभापती कोण?

म्हणून सर्वच पक्षांच्या शहराध्यक्षांना जाहीर विनंती.

एक. पुढच्या बैठकीत टेबलावर हारांच्या शेजारी आपला जाहीरनामा ठेवा. परवाच्या बैठकीत त्याची एक प्रतसुद्धा नव्हती, मी तिघांनाही विचारलं. एकेक मुद्दा वाचा आणि त्या त्या नगरसेवकाला विचारा, याचं काय झालं? होणार नसेल तर का नाही?

दोन. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी कार्यकर्त्यांना वाचून दाखवा आणि सभेनंतर आपण काय भूमिका घेतली ते एका पानावर लिहून जाहीर करा. व्हीप काढता ना, मग कशासाठी काढला तेही लोकांना कळू द्या.

तीन. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, २०११ पासून. परवा दोन नगरसेविकांच्या खुर्चीवर त्यांचे 'साहेब' बसले होते आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या बाईंच्या नावावर मतं मागितली, त्यांनाच बसवा, त्यांनाच बोलू द्या. आणि त्या पाण्याबद्दल बोलल्या तर 'नंतर घेऊ' म्हणू नका.

नगरसेवक मंडळींनाही एक सांगतो. व्हीप मतदानाला असतो, तोंडाला नाही. प्रश्न विचारायला, मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यायला, टाकीत किती पाणी चढतं आणि नळाला किती उतरतं याचा हिशेब मागायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. पक्ष काय म्हणेल, ही भीती कायद्यातली नाही, पुढच्या तिकिटाची आहे.

आणि आपण? सर्वसाधारण सभा बघायला शहरातून किती माणसं जातात? मी प्रेक्षकांच्या खुर्च्या मोजतो, बहुतेक वेळा आम्ही दोन-तीन पत्रकार आणि एखादा रिटायर्ड गुरुजी. जमत नसेल तर सभेचं इतिवृत्त मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या नगरसेवकाने वर्षभरात किती वेळा तोंड उघडलं ते त्यात दिसतं. तो कागद पुढच्या वेळी मत मागायला दारात येतील तेव्हा हातात ठेवा.

तोवर एवढंच करा. आपल्या प्रभागातला पक्षाचा कार्यकर्ता भेटला, कुठल्याही पक्षाचा असो, तर त्याला विचारा : तुमच्या बैठकीत आमचं पाणी निघालं का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये सांगा, पण नळाला किती दिवसांनी पाणी येतं तेही लिहा.